भारतीय अंतरिक्ष स्थानक: माणूस नंतर, आधी मालवाहू यान

तळेगावकर (धागाकर्ते)

मंडळी, 26 जून 2025 ला दुपारी चारच्या सुमारास शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर पोचले, तेव्हा आमच्या सोसायटीत पेढे वाटले गेले. तेव्हापासून कट्ट्यावर एकच विषय आहे, आपलं स्वतःचं स्थानक कधी होणार. योजना जाहीर झालेली आहे. भारतीय अंतरिक्ष स्थानकाचा पहिला भाग 2028 मध्ये आणि पूर्ण स्थानक 2035 पर्यंत. कोण जाणार, किती दिवस राहणार यावर सगळे भरभरून बोलतात. तिथे माल कोण पोचवणार, हे मात्र कोणी विचारत नाही.

माझं म्हणणं असं: त्या स्थानकावर माणूस राहायला जाण्याआधी आपलं स्वतःचं बिनमाणसाचं मालवाहू यान तयार हवं, आणि दोन-तीनदा तरी स्थानकाला जोडून झालेलं हवं. ते साधं असावं. वर जाताना माल न्यावा, उतरताना कचरा घेऊन वातावरणात जळून जावं. परत आणण्याची हौस नंतर करू.

मी 26 वर्षं एका कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. एकदा 350 रुपयांचं बेअरिंग शिल्लक नव्हतं म्हणून अख्खी लाइन दीड दिवस उभी राहिली. पुरवठादार एकच, आणि त्याचा टेम्पो घाटात अडकलेला. बिन कार्डावर शून्य लिहिताना पोटात कसा गोळा येतो, ते मी अनुभवलंय. त्यानंतर एका पुरवठादाराच्या भरवशावर मी कधी राहिलो नाही.

अवकाशातही हा धडा लोक ठेच लागूनच शिकले. सोव्हिएत संघाच्या सुरुवातीच्या सॅल्यूत स्थानकांना जोडणीचं दार एकच होतं. तिथे माणसं घेऊन येणारं सोयूझ उभं राहिलं की दुसऱ्या कुणाला जागा नाही. वर जाताना जेवढा शिधा आणि जेवढं इंधन भरलं, तेवढंच स्थानकाचं आयुष्य. 1977 च्या सॅल्यूत-6 ला त्यांनी मागच्या बाजूला दुसरं दार दिलं. 20 जानेवारी 1978 ला प्रोग्रेस हे बिनमाणसाचं मालवाहू यान पहिल्यांदा निघालं आणि दोन दिवसांनी त्या मागच्या दाराला आपोआप जोडलं गेलं. आत रोमानेन्को आणि ग्रेच्को हे दोघे होते. त्यांना अन्न मिळालं, हवा मिळाली, आणि स्थानकाच्या टाकीत इंधनसुद्धा भरलं गेलं. त्या मुक्कामात ते दोघे 96 दिवस वर राहिले. स्थानकात माणूस महिनोन्‌महिने राहतो ही आज आपल्याला साधी वाटणारी गोष्ट त्या मागच्या दारातून आली.

आणि माल चुकला की काय होतं? फेब्रुवारी 2003 मध्ये नासाच्या कोलंबिया शटलची दुर्घटना झाली, शटलची उड्डाणं अडीच वर्षं थांबली. स्थानकावर तिघांऐवजी दोघेच ठेवावे लागले आणि सगळा भार एकट्या प्रोग्रेसवर आला. 2004 च्या डिसेंबरात लेरॉय चियाओ आणि सालिझान शारिपोव यांना जेवण कमी करायला सांगावं लागलं, कारण कोठारातलं अन्न हिशेबापेक्षा कमी भरलं होतं. पुढचं प्रोग्रेस पोचलं नसतं, तर दोघांना स्थानक रिकामं टाकून खाली यावं लागलं असतं. ते 25 डिसेंबरला पोचलं. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, पण वाचताना आजही माझ्या डोळ्यांसमोर ते जवळजवळ रिकामे कप्पे येतात.

आपल्याकडे इस्रोचं एलव्हीएम-3 रॉकेट आहे, ते माणसं नेणाऱ्या गगनयानसाठी 8 टनांच्या आसपास वजन खालच्या कक्षेत नेऊ शकतं. प्रोग्रेसचं एकूण वजन 7 टनांच्या घरात असतं आणि त्यात माल अडीच टन. म्हणजे गाडी आहे, फक्त मागचा हौदा बनवायचा आहे. तहान लागल्यावर विहीर खणायची का, एवढंच विचारतो.

हिशेबनीस

काका, कळकळ पोचली, पण मला हे पटत नाही.

तुम्ही उदाहरणं देताय ती जिथे माणसं कायम मुक्कामाला असतात अशा स्थानकांची. आंतरराष्ट्रीय स्थानक 400 टनांच्या वर आहे, सात जण कायम राहतात. आपल्या पूर्ण स्थानकाचा आराखडा 52 टनांचा आहे आणि सुरुवातीला माणसं जातील ती थोडे दिवस राहून परत येतील. चार दिवस गावच्या घरी जाताना आपण शिधा सोबतच नेतो, त्यासाठी वेगळा ट्रक लावत नाही. गगनयानच्याच कुपीत माणसांच्या जागी माल भरून पाठवा. एकच यान, दोन कामं.

हे हवेतलं बोलत नाहीये. नोव्हेंबर 2025 मध्ये चीनच्या शेन्झोऊ-20 यानाच्या खिडकीला तडा गेलेला आढळला. त्यातले तिघे 14 नोव्हेंबरला शेन्झोऊ-21 मधून खाली आले, आणि वर राहिलेल्या तिघांसाठी परतीचं यानच उरलं नाही. मग 25 नोव्हेंबरला शेन्झोऊ-22 बिनमाणसाचं पाठवलं, त्यातून अन्न, औषधं आणि तडा दुरुस्त करायचं साहित्य गेलं. माणसांचं यानच मालाचं यान झालं. आपल्याला हाच मार्ग परवडणारा आहे.

दुसरं, पाणी. आंतरराष्ट्रीय स्थानकावर 2023 मध्ये 98 टक्के पाणी परत वापरात आणण्याचा टप्पा गाठला गेला. जो पैसा यानावर घालणार तो या यंत्रणेवर घाला, माल न्यायची गरजच कमी होईल.

तिसरं, युरोप. त्यांनी एटीव्ही नावाचं उत्तम मालवाहू यान बनवलं, 20 टनांचं. 2008 ते 2014 या काळात फक्त पाच उडवली आणि बंद केलं. श्रीमंत युरोपला झेपलं नाही. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गगनयानचा एकूण खर्च 20,193 कोटी केला, त्यात स्थानकाचा पहिला भाग धरलेला आहे. त्यात आणखी एक यान कुठे बसवणार?

तळेगावकर

हिशेबनीस, पाण्याचा मुद्दा चांगला आहे, पण त्याच यंत्रणेची गोष्ट सांगतो. जून 2024 मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर बोइंगच्या स्टारलायनर यानातून निघाले, त्याच्या थोडं आधी स्थानकावर लघवीचं पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा पंप बिघडला. नवा पंप तातडीने न्यायचा म्हणून या दोघांच्या कपड्यांच्या बॅगा उतरवून ठेवल्या. आठ दिवसांचा मुक्काम आहे, काढता येतील, असा विचार. यान बिघडलं, आठ दिवसांचे नऊ महिने झाले. स्थानकावर ठेवणीत असलेले कपडे त्यांनी वापरले, आणि त्यांचे स्वतःचे कपडे ऑगस्टमध्ये सिग्नस या मालवाहू यानातून पोचले.

पाणी परत वापरणारं यंत्र आलं की यंत्राचे सुटे भाग आले. स्टोअरवाल्याला विचारा, यंत्र वाढलं की मालाची यादी लांबते.

युरोपबद्दल: एटीव्ही हे त्यांचं स्थानकाचं भाडं होतं. रोख पैशांऐवजी माल पोचवून त्यांनी आपला वाटा फेडला. आणि ती विद्या वायाही गेली नाही. नासाच्या ओरायन यानाला वीज आणि ढकल देणारा मागचा भाग एटीव्हीच्या अनुभवावर युरोपनेच बनवला, तो नोव्हेंबर 2022 मध्ये ओरायनला घेऊन चंद्राकडे गेला.

शेन्झोऊ-22 चं उदाहरण तुमच्या बाजूचं आहे, मान्य. पण त्याच चीनकडे तिआनझोऊ हे वेगळं मालवाहू यान आहे, एका फेरीत 7 टनांच्या आसपास माल नेतं. ते आधी कोठार भरून ठेवत होतं म्हणून अडकलेल्या तिघांना पोटाला चिमटा घ्यावा लागला नाही.

उणे_ऐंशी

मी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. काकांच्या पहिल्या अर्ध्या मुद्द्याला माझा पाठिंबा, दुसऱ्या अर्ध्याला ठाम विरोध. "परत आणण्याची हौस नंतर करू" हे वाक्य मला लागलं. ती हौस नाही. स्थानक कशासाठी बांधतोय, त्याचं उत्तर परत येणाऱ्या डब्यात असतं.

आमच्याकडे उणे 80 अंशांचा फ्रीझर आहे. एकदा रात्री वीज गेली, जनरेटर लागला नाही, सकाळी कप्पे उघडले तर नळ्यांच्या कडांना पाणी सुटलं होतं. एका विद्यार्थिनीची तीन वर्षं त्यात होती. ती काही बोलली नाही, नुसत्या नळ्या रॅकमध्ये परत लावत राहिली. नमुना हातातून गेला की आकडे काढायला काही उरत नाही.

स्थानकावरही असा फ्रीझर आहे. जुलै 2011 मध्ये शेवटचं शटल उतरल्यावर तिथून काही खाली आणायला उरलं फक्त सोयूझ, आणि त्यात तीन माणसांच्या मधल्या फटीत मावेल तेवढंच. प्रोग्रेस, सिग्नस, जपानचं एचटीव्ही, युरोपचं एटीव्ही, सगळी जळून जाणारी. ऑक्टोबर 2012 मध्ये स्पेसएक्सचं ड्रॅगन पहिल्यांदा नियमित फेरीवर माल घेऊन परत आलं, तेव्हा शास्त्रज्ञांची कोंडी फुटली. शुक्ला यांनी वर मूग आणि मेथी रुजवली, ती रोपं गोठवून खाली आणून तपासायची होती. जळणारं यान असतं तर फोटो पाहत बसलो असतो.

आणि परत आणण्याची विद्या आपल्याकडे नाही असंही नाही. जानेवारी 2007 मध्ये इस्रोने 12 दिवस कक्षेत फिरवलेली कुपी बंगालच्या उपसागरात उतरवून परत मिळवली. गगनयानसाठी उष्णतारोधक कवच बनतंच आहे. मग उलटी वाट का धरायची?

तळेगावकर

ताई, "हौस" हा शब्द मागे घेतो. चुकलाच तो.

पण वजनाचा हिशेब पाहा. परत येणाऱ्या यानाला कवच हवं, पॅराशूट हवीत, समुद्रात शोधणारी जहाजं हवीत. त्या प्रत्येक किलोला वर जाताना तेवढाच माल कमी जातो. शिवाय परत येणारं यान कचरा नेत नाही, कारण किमती जागेत कोणी कचरा भरत नाही. स्थानकावर कपडे धुता येत नाहीत, घालून घालून टाकून द्यावे लागतात. जेवणाची पाकिटं, वापरलेली गाळणी, मोडके भाग, शौचालयाचे बंद डबे. हे सगळं कुणीतरी न्यायला हवं. चारसहा महिने जोडलेलं राहणारं प्रोग्रेस हळूहळू कचऱ्याने भरत जातं. येताना कोठार असतं, जाताना कचरागाडी. ती दुसरी फेरी मला पहिलीइतकीच मोलाची वाटते.

उणे_ऐंशी

मग दोन्ही लागतील असं म्हणा. साधं तेवढं पुरे, असं नका म्हणू.

सिंदेवाहीचा

कचरागाडीवर बोलणं आलं म्हणून लिहितो. मी चंद्रपूर जिल्ह्यातला, सिंदेवाही तालुक्यातला.

2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला आम्ही अंगणात होतो. आकाशात लाल-पिवळे गोळे ओळीने सरकत गेले. पोरं फटाके समजून ओरडली. थोड्या वेळाने कळलं, लाडबोरीत मोकळ्या जागी अडीच-तीन मीटर व्यासाचं लोखंडी दिसणारं कडं पडलंय. दुसऱ्या दिवशी आसपासच्या गावांत धातूचे गोळे सापडले, वर दोरा गुंडाळल्यासारखे. कडं पोलीस ठाण्यात नेलं, बघायला रांग लागली होती. मी हात लावला होता त्याला. एका बाजूने काळं झालेलं, दुसऱ्या बाजूचा खिळा न खिळा शाबूत. चीनच्या रॉकेटचा तुकडा असावा, असं तज्ज्ञ म्हणाले.

ज्या जागी पडलं तिथून घरं लांब नव्हती. सणाचा दिवस, लोक बाहेर होते.

म्हणून तुम्ही "वातावरणात जळून जातं" म्हणता तेव्हा मला राहवत नाही. सगळं जळत नाही. फ्लोरिडात नेपल्स गावी मार्च 2024 मध्ये एका घराचं छत आणि खालचा मजला फोडून पाऊण किलोचा तुकडा आत आला. तो कुठला होता? अवकाश स्थानकाच्या जुन्या बॅटऱ्यांच्या चौकटीचा, 2021 मध्ये यांत्रिक हाताने सोडून दिलेल्या. घरात मुलगा होता, वाचला. गरिबाच्या कौलांवर पडलं तर विचारायला कोण येतं?

तळेगावकर

तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही.

तरी दोन गोष्टी वेगळ्या करून सांगतो. लाडबोरीचं कडं हा रॉकेटचा टप्पा होता. तो वापरून झाल्यावर कक्षेत मोकळा सोडलेला, कुठे पडेल यावर कुणाचा ताबा नाही. मालवाहू यानाचं तसं नसतं. ते शेवटी आपलं इंजिन पेटवतं आणि ठरवून दक्षिण प्रशांत महासागरात, जिथून सगळी किनारपट्टी हजारो किलोमीटर लांब आहे तिथे उतरतं. जळून उरेल ते पाण्यात जातं.

नेपल्सच्या बॅटऱ्यांची गोष्ट तर माझ्याच बाजूची आहे. ती चौकट जपानच्या मालवाहू यानातून जाळायला न्यायची होती. ऑक्टोबर 2018 मध्ये एका सोयूझचं उड्डाण मध्येच फसलं, पुढची सगळी कामं घसरली, आणि जुन्या बॅटऱ्या घ्यायला आलेलं यान त्या न घेताच गेलं. कचरा साचत गेला, शेवटी हाताने सोडून द्यावा लागला. कचरागाडी चुकली की असं होतं.

सिंदेवाहीचा

समजलं. पण इंजिन पेटवून उतरतं हे इंजिन चालू असेल तर. एप्रिल 2015 मध्ये एक प्रोग्रेस सुटल्यावर भोवऱ्यासारखं फिरायला लागलं, ताबा सुटला, दहा दिवस पृथ्वीभोवती फिरून 8 मेला कुठे पडेल ते कोणालाच सांगता येत नव्हतं. पडलं प्रशांत महासागरात, नशिबाने. आपलं यान बनवणार असाल तर या एका गोष्टीची आधी सोय लावा, मग अन्नपाण्याचं बोला.

हिशेबनीस

सिंदेवाहीच्या दादांना पूर्ण अनुमोदन. या एका कारणासाठी मी कुपी परत उतरवण्याच्या बाजूचा आहे.

धक्क्यावरचा

मालवणचा आहे, मालवाहू जहाजांवर 19 वर्षं. इथे सगळे माल आणि पैसा बोलतायत, मी जोडणीवर बोलतो, कारण बोट धक्क्याला लावणं काय असतं ते माझ्या अंगवळणी आहे. हजारो टनांचं जहाज शेवटचे दहा मीटर जाताना सगळ्यांचा श्वास अडकलेला असतो. दोर तयार, फेंडर लावलेले, पायलट कानात एकेक अंश सांगतोय. वेग जरा जास्त राहिला तर धक्का फुटतो.

तर "बिनमाणसाचं" या शब्दावर माझा आक्षेप आहे. 25 जून 1997. रशियाच्या मीर स्थानकावर अंतराळवीर त्सिब्लियेव हे सात टनांचं प्रोग्रेस दुरून, टीव्हीच्या पडद्यावर बघत हाताने आणत होते. अंतर सांगणारं रडार त्या चाचणीत बंद ठेवलं होतं. यानावरच्या कॅमेऱ्यात स्थानक ढगांच्या पार्श्वभूमीवर दिसत होतं, किती जवळ आलंय ते डोळ्याला कळेना. यान थेट स्पेक्ट्र या भागावर आदळलं. हवा निसटायला लागली, कानाला कळत होती. त्यांचे सोबती लाझुत्किन आणि फोएल यांनी दारातून गेलेल्या केबली सोडवल्या, कापल्या, आणि दार बंद केलं. ते दार बंद झालं म्हणून तिघे जगले. यानात माणूस असता, खिडकीतून बघणारा, तर हे झालं असतं का?

उलट बाजूने बघा. 1985 मध्ये सॅल्यूत-7 वरची वीज पूर्ण गेली, स्थानक गोठलं, कुठल्याही हाकेला उत्तर देईना. आपोआप जोडणारी यंत्रणा दोन्ही बाजूंनी बोलावी लागते, मुक्या स्थानकाला ती जोडली जात नाही. जानिबेकोव आणि साविनिख सोयूझ घेऊन गेले, हातातल्या लेझर यंत्राने अंतर मोजत हाताने जोडणी केली. आत पाण्याचा बर्फ झालेला. त्यांनी स्थानक जिवंत केलं, आणि मगच त्याच महिन्यात प्रोग्रेस माल घेऊन जाऊ शकलं. आधी माणूस, मग माल. काकांच्या शीर्षकाच्या बरोबर उलट.

तळेगावकर

सॅल्यूत-7 ला उत्तर नाही माझ्याकडे. ते धाडस वाचून मी कितीदा थक्क झालोय.

मीरचा अर्थ मात्र मी वेगळा लावतो. आपोआप जोडणारी यंत्रणा बाजूला ठेवून हाताने आणायचा प्रयोग चालला होता, तिथे घोळ झाला. यंत्रणा चालू ठेवून शेकडो फेऱ्या बिनबोभाट झाल्यात. आणि यानात माणूस असता तर आदळताना तोही तिथेच असता.

आपलं पहिलं काम पाहा. 30 डिसेंबर 2024 ला स्पेडेक्स या इस्रोच्या जोडणीच्या प्रयोगाचे दोन उपग्रह गेले, प्रत्येकी 220 किलोचे. जोडणी दोनदा पुढे ढकलली. 12 जानेवारीला 15 मीटरवर आणलं, मग 3 मीटरवर, आणि परत मागे घेतलं. किती लोक नाराज झाले त्या दिवशी! मला तो दिवस सगळ्यात आवडला. शंका आली तर मागे घ्यायचं, घाई करायची नाही. 16 जानेवारीला जोडलं. आता 220 किलोवरून थेट माणसं बसलेल्या यानावर उडी मारायची का? मधली पायरी मालवाहू यानाची आहे. चुकलं तर माल जाईल, जीव जाणार नाही.

धक्क्यावरचा

मागे घेतलं ते बरोबर केलं, त्याबद्दल वाद नाही. आम्हीपण वारा वाढला तर परत खोल पाण्यात जाऊन नांगर टाकतो.

पण मग एक गोष्ट ठरवा. जपानचं एचटीव्ही, सिग्नस, पहिलं ड्रॅगन ही स्वतः जोडली जात नव्हती. स्थानकापासून दहा मीटरवर येऊन स्थिर राहायची, आणि आतला माणूस यांत्रिक हाताने त्यांना धरून दाराला लावायचा. मला ही रीत जास्त भरवशाची वाटते. जहाज थांबलेलं, दोर धक्क्यावरून फेकलेला.

उणे_ऐंशी

पण दादा, त्यासाठी आत माणूस हवा. आपला पहिला भाग वर जाईल तेव्हा तो रिकामा असणार. रिकाम्या घराला माल पोचवायचा तर यानाला स्वतःच दाराशी लागता आलं पाहिजे. इथे मी काकांच्या बाजूने.

बारावी_सायन्स

सगळे मोठे आहात म्हणून विचारते. वजन नसतं तर इंधन एका टाकीतून दुसऱ्या टाकीत ओततात कसं? खाली वाहतच नाही ना ते?

तळेगावकर

छान विचारलंस बाळा. टाकीच्या आत लवचिक पडदा असतो. एका बाजूला इंधन, दुसऱ्या बाजूला दाबाखालचा नायट्रोजन. आधी स्थानकाच्या टाकीतला नायट्रोजन कॉम्प्रेसरने मागे ओढून तिथला दाब कमी करतात. मग यानाकडचा जास्त दाब पडद्याला ढकलतो आणि इंधन नळीतून स्थानकात जातं. टूथपेस्टची ट्यूब दाबल्यासारखं समज. या नळ्या जोडणीच्या कड्यातच असतात, यान जोडलं की त्यांची तोंडंही जुळतात. हे इंधन कशाला? चारशे किलोमीटरवरही विरळ हवा असते, ती स्थानकाला सतत मागे खेचते, महिन्याला साधारण दोन किलोमीटर उंची कमी होते. अधूनमधून इंजिन चालवून वर ढकलावं लागतं. इंधन संपलं की स्थानक खाली येणार, आत कितीही अन्न असो.

हिशेबनीस

या उत्तरामुळे माझा एक मुद्दा कमकुवत झाला, प्रामाणिकपणे सांगतो. गगनयानची कुपी माल नेईल, पण ती इंधन भरून देणारी म्हणून आखलेली नाही. आणि आपला पहिला भाग 2028 ला जाऊन 2035 पर्यंत टिकायचा असेल, तर सात वर्षांचं इंधन पहिल्याच दिवशी भरून नेता येणार नाही.

तरीही सरकारने वेगळं यान बनवावं हे नाही पटत. नासाने 2008 मध्ये काय केलं? फेऱ्या विकत घेतल्या. स्पेसएक्सकडून 12 फेऱ्या 1.6 अब्ज डॉलरना, सिग्नसवाल्या ऑर्बिटल कंपनीकडून 8 फेऱ्या 1.9 अब्ज डॉलरना. यान त्यांचं, धोका बराचसा त्यांचा, नासाने पोचलेल्या मालाचे पैसे दिले. आपल्याकडे आता खाजगी कंपन्या रॉकेटं बनवतायत. निविदा काढा. विक्रोळीत, वालचंदनगरला इस्रोचे भाग वर्षानुवर्षं बनतात, त्या कारागिरांना यानाचं काम मिळू दे.

तळेगावकर

दोन कंपन्यांना देणार असाल तर माझी हरकत नाही. एकीला दिलंत तर आहे.

28 ऑक्टोबर 2014 ला सिग्नस नेणारं अँटारेस रॉकेट उड्डाणानंतर काही सेकंदांतच कोसळलं. 28 एप्रिल 2015 ला ते प्रोग्रेस भरकटलं, ज्याबद्दल सिंदेवाहीच्या दादांनी लिहिलं. 28 जून 2015 ला ड्रॅगन नेणारं फाल्कन रॉकेट 139 सेकंदांनी फुटलं, हेलियमच्या टाकीला धरून ठेवणारा एक दांडा तुटला म्हणून. आठ महिन्यांत तीन वेगळ्या रॉकेटांवरची तीन मालवाहू यानं गेली. तिन्ही 28 तारखेला, हा निव्वळ योगायोग. स्थानक तरी चालू राहिलं. जुलैच्या सुरुवातीला दुसरं प्रोग्रेस पोचलं, ऑगस्टमध्ये जपानचं एचटीव्ही पोचलं, त्यात शेवटच्या क्षणी नासाचा तातडीचा माल कोंबला होता. त्या काळात पुरवठादार चार होते. दोन असते तर?

धक्क्यावरचा

आणि दार किती ठेवणार ते बोला ना काका. दोन पुरवठादार आणि धक्का एकच, तर दुसरं जहाज बाहेर नांगर टाकून बसेल.

तळेगावकर

हे तुम्ही लाखातलं बोललात. यानाचं 2035 पर्यंत ठरवता येईल, पण पहिल्या भागाला दारं किती आणि कुठल्या दारात इंधनाच्या नळ्या, हे आत्ताच ठरतंय. धातू एकदा कापला की दार वाढवता येत नाही. माझी मागणी बदलून लिहितो: पहिल्याच भागाला किमान दोन दारं, एकात इंधनाची सोय, आणि मालवाहू यानात परतीचं इंधन वेगळं राखून ठेवलेलं, जे कुठल्याही कारणाने मालासाठी वापरायचं नाही. शेवटचं सिंदेवाहीसाठी.

परतीच्या कुपीबद्दल ताईंशी माझा वाद अजून मिटलेला नाही.

उणे_ऐंशी

नाहीच मिटला. पहिल्या फेरीत निदान एवढी कुपी तरी बसवा ज्यात दहा-वीस किलोचे नमुने थंड राहून खाली येतील. बाकी यान जळू दे. 2007 ची कुपी साडेपाचशे किलोची होती, तेवढ्यात हे मावतं.

सिंदेवाहीचा

परतीचं इंधन वेगळं राखायचं लिहिलंत, बरं वाटलं. ते कोण तपासणार, आणि चुकलं तर गावाला आधी कोण कळवणार, हेपण त्या यादीत घाला. पाडव्याला आम्हाला कोणी कळवलं नव्हतं.